अण्णांच्या तिकिटांची शाल (जाळीचं विणकाम, मदत हवी आहे)

उलटसुलट (धागाकर्ती, म्हणजे ही चर्चा सुरू करणारी) · ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

माझ्या वडिलांकडे सात शाली आहेत. सातही सत्काराच्या. निवृत्तीच्या दिवशी डेपोत मिळालेली, मग गणपती मंडळाची, ज्येष्ठ नागरिक संघाची, पुतण्याच्या लग्नातली मानाची वगैरे. सगळ्या कपाटात, आल्या त्याच प्लास्टिकच्या पिशव्यांत. थंडीत अण्णा पांघरतात ती आईची जुनी शाल, जिच्या एका कोपऱ्यावर फोडणीचा डाग आहे. सत्काराची शाल टोचते आणि खांद्यावरून घसरते, हे ज्यांचा सत्कार झालाय त्यांना ठाऊक असेल.

तर या हिवाळ्यात त्यांच्यासाठी मी शाल विणतेय. आणि ती बघताक्षणी त्यांची वाटली पाहिजे, हे खूळ डोक्यात बसलंय.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं, त्यातली बरीच चिपळूण–कराड फेरीवर. म्हणून आधी शालीच्या टोकाला बस विणून बघितली. फ्रीजसारखी दिसली. चाकं लावलेला फ्रीज. उसवली.

मग दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या पोथीत खुणेला ठेवलेलं एक जुनं तिकीट सापडलं. मशीनचं नव्हे, त्याआधीचं, पंच मारलेलं. उजेडात धरलं तर भोकांतून पलीकडची खिडकी दिसली. त्या रात्री मला झोप लागली नाही. जाळीची वीण म्हणजे तरी काय, भोकं नेमकी कुठे पाडायची याचा हिशेब! अण्णांनी जन्मभर तेच केलं.

एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. चिपळूण ते कराड साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे सतरा टप्पे. शालीचे सतरा भाग करायचे, दर टप्प्याच्या सुरुवातीला भोकांची एक आडवी रेघ आणि मधल्या जागेत रस्ता जसा असेल तशी वीण. सपाटीला सुटी भोकं, कुंभार्ली घाटाला नागमोडी, कोयनेला लाटा. खाकी लोकर, दोन्ही टोकांना लाल काठ.

कागदावर झकास दिसतंय. पण मी आजवर स्वेटर, कानटोप्या आणि तीन बाळंतविडे एवढंच विणलंय. मोठं जाळीचं काम पहिलंच. लोकर कुठली, सुया किती नंबरच्या, टाके किती, सगळं सांगा.

मंदाकाकू · ३ नोव्हेंबर, रात्री १०.१५

कल्पना फारच गोड. फ्रीजचा फोटो टाक की!

लोकर ॲक्रिलिक घेऊ नकोस एवढंच सांगते. माझा अनुभव ऐक. सुनेसाठी जाळीची स्टोल केली, सहा महिने खपले. विणून झाली तेव्हा चुरगळलेल्या पालेभाजीसारखी दिसत होती. कुणीतरी म्हणालं इस्त्री फिरवा, उघडेल. फिरवली. उघडली नाही, चपटी झाली आणि एका ठिकाणी इस्त्रीलाच चिकटली. अजून त्या इस्त्रीला तळाशी आकाशी ठिपका आहे.

खडूस_आजोबा · ३ नोव्हेंबर, रात्री १०.५२

शाल ऊब मिळावी म्हणून असते. तिला मुद्दाम भोकं पाडायची हे मला कळलेलं नाही. वडिलांचं वय काय? त्यांना जाड, घट्ट विणीचं काहीतरी करून द्या.

उलटसुलट · ३ नोव्हेंबर, रात्री ११.०५

अठ्ठ्याहत्तर. आणि अगदी हेच वाक्य तेही म्हणणार आहेत, मला खात्री आहे. :)

लोकरमावशी · ४ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

खडूस_आजोबा, शंका रास्त आहे. उत्तर असं, की ऊब धाग्यापेक्षा धाग्यांत अडकून बसलेल्या हवेची जास्त असते. चांगल्या लोकरीला बारीक लव असते आणि ती लव भोकांतही पसरते. रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली याच जातीच्या. शेळीच्या अंगावरची मऊ लव रेशमाच्या धाग्याबरोबर पिळून विणलेल्या, अंगठीतून आरपार ओढता येतील इतक्या तलम, आणि तरी तिथल्या थंडीत वापरायच्या. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातल्या उन्स्ट बेटावरच्या लग्नाच्या शालींचीही अंगठीतून ओढूनच परीक्षा व्हायची. बाहेर बोचरा वारा असेल तर मात्र जाळी कामाची नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण घरात सकाळचा चहा घेताना छान.

आता उलटसुलट, तुझ्याकडे वळते. तू रस्त्याला वीण लावतेयस यात वेडेपणा काही नाही. शेटलंडच्या बायकांच्या विणींची नावं बघ: लाटेचा ठसा, मांजराचं पाऊल, पक्ष्याचा डोळा. समोर दिसलं ते सुईवर आलं. तुझ्या समोर घाट आहे, तर घाट येऊ दे.

लोकर: खरी लोकरच घे, मेरिनो मेंढीची मिळाली तर उत्तम. १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० मीटर भरेल इतकी बारीक. अशा दोन लड्या खाकी आणि काठाला थोडी लाल. याहून बारीक, १०० ग्रॅमला ८०० मीटरवाली, लोकर तलम शालींना वापरतात, पण पहिल्या खेपेला तिच्या नादी लागू नकोस. चुकलं तर टाका दिसत नाही आणि डोळ्यांतून पाणी येतं. घोंगडीची आपली दख्खनी लोकर मला प्रिय आहे, पण ती भरड. तिच्यात जाळी उघडत नाही आणि मानेला खाजते.

ॲक्रिलिकबद्दल मंदाकाकूंचं बरोबर. खरी लोकर भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की ताणलेल्या आकारात राहते. ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, त्याला वाफ लागते. इस्त्री वर अधांतरी धरायची, टेकवायची नाही. जास्त वाफ लागली तर धागा लुळा पडतो तो कायमचा.

सुया ८ नंबरच्या.

जर्सीकर · ४ नोव्हेंबर, सकाळी ८.०२ (इथे रात्र)

थांबा थांबा, ८ नंबर म्हणजे कुठला ८? मी न्यू जर्सीत राहते. आजीच्या वहीत "८ नंबर" लिहिलं होतं म्हणून इथल्या दुकानातून ८ नंबर आणल्या, आणि बाळाचं झबलं तिच्या बाबांना होईल एवढं झालं. आपल्याकडच्या जुन्या सुयांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे, आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. आपला ८ म्हणजे ४ मिलिमीटर, इथला ८ म्हणजे ५ मिलिमीटर. ४ मिलिमीटर हवी तर इथे ६ नंबर मागावी लागते. कृपया मिलिमीटरमध्येच बोला!

लोकरमावशी · ४ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

बरोबर, माझी चूक. ४ मिलिमीटर. आणि वायरने जोडलेल्या लांब गोल सुया घे. शाल सपाटच विणायची, पण वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही.

घाटवाट · ४ नोव्हेंबर, दुपारी १.३०

विणकामातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. मी अलोऱ्याचा. लहानपणी या गाडीने शंभरदा कराडला मामाकडे गेलोय. पावसाळ्यात घाटात असं धुकं उतरायचं की ड्रायव्हर मान बाहेर काढून गाडी हाकायचा. ताई, पोफळी सुटली की लगेच चढ लागतो, तर घाटाची वीण तिथूनच सुरू करा. वर हेळवाक, मग कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ, कराड. आणि कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम विसरू नका.

अवांतर: एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. कुणी त्या रस्त्याची शाल करणार असेल तर घाट नाही, विणायला सोपी जाईल.

उलटसुलट · ९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

सगळ्यांना धन्यवाद. लोकर आली. खाकी मिळता मिळत नव्हती, शेवटी एक मातकट हिरवट छटा मिळाली. आई म्हणाली, "तिसऱ्या वर्षीचा युनिफॉर्म असाच व्हायचा धुऊन धुऊन."

नमुन्याचा तुकडा विणला, भिजवला, ताणून वाळवला. १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके आणि २४ सुया बसतात. (सुई म्हणजे एक ओळ, आमच्याकडे असंच म्हणतात.) भिजवण्याआधी मोजलं तेव्हा २२ टाके होते! म्हणजे आधीच्या मापावर गेले असते तर शाल भलतीच रुंद झाली असती. तुकडा धुऊन मग मोजा, हे मी आजवर फक्त ऐकून होते.

हिशेब असा केलाय, तपासून द्या.

एकूण ८९ टाके. दोन्ही कडांना ४-४ टाके, ते दर सुईला सुलटच, म्हणजे कड गुंडाळणार नाही. मधले ८१, म्हणजे दहाच्या आठ पट आणि वर एक. दर ओळीत शेवटचा तो एक टाका सुलट. रुंदी साधारण ५० सेंटिमीटर.

सुरुवातीला लाल लोकरीच्या ६ सुया सुलट. मग खाकी.

एक टप्पा २४ सुयांचा, म्हणजे बरोबर १० सेंटिमीटर. पहिल्या चार सुया रेघेच्या: दोन सुया सुलट, तिसरीला (दोरा घ्या, दोन टाके एकत्र) चाळीस वेळा, चौथी उलट. (दोरा घ्या म्हणजे सुईवर नुसता वेढा, त्याचंच भोक होतं.) मग १६ सुया रस्त्याच्या. मग ४ सुया साध्या, एक सुलट एक उलट. असे सतरा टप्पे झाले की पुन्हा लाल काठ ६ सुया आणि टाके बंद. लांबी १७० सेंटिमीटर आणि काठ.

सपाट रस्ता, दहा टाक्यांत: पहिल्या सुईला ४ सुलट, दोरा, दोन एकत्र, ४ सुलट. पाचव्या सुईला ८ सुलट, दोन एकत्र, दोरा. नववी पहिलीसारखी, तेरावी पाचवीसारखी, बाकी साधं. भोकं विटांसारखी एकाआड एक येतात.

घाट: पहिल्या सुईला दोरा, मागून दोन एकत्र, ८ सुलट. मग दर सुलट सुईला हे भोक एकेक टाका पुढे सरकवायचं. नवव्या सुईला ४ सुलट, दोरा, मागून दोन एकत्र, ४ सुलट झालं की वळण. अकरावीला २ सुलट, पुढून दोन एकत्र, दोरा, ६ सुलट, आणि तिथून एकेक टाका मागे. पंधराव्या सुईला भोक जवळजवळ मूळ जागी येतं. पुढून एकत्र केलेले टाके उजवीकडे कलतात, मागून केलेले डावीकडे. घाटातलं वळण त्या कलण्यामुळेच दिसतं. हे मला तिसऱ्यांदा उसवल्यावर समजलं.

अण्णांना काही सांगितलेलं नाही. फक्त रस्ता विचारून घेतला: सपाट चार टप्पे, घाट तीन, कोयना दोन, मग सात सपाट, शेवटचा संगमाचा एक. ते म्हणाले, "तुला कशाला हवंय?" मी म्हटलं, शाळेतल्या मुलांचा प्रकल्प आहे. मी बँकेत आहे.

अडचण: कोयनेसाठी लाटांची वीण हवी, ती अठराच्या पटीत बसते. माझे ८१. कसं जमवू?

लोकरमावशी · १० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

कोष्टक छान. लाटेला ७२ टाके घे, म्हणजे अठरा चोक. उरले नऊ, ते चार एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला साधे ठेव. नदीला काठ नकोत का?

लाटेच्या चार सुया: एक सुलट, एक उलट, तिसरीला (दोन एकत्र) तीनदा, (दोरा, एक सुलट) सहादा, (दोन एकत्र) तीनदा, आणि चौथी परत सगळी सुलट. सहा टाके कमी होतात, सहा वाढतात, बेरीज तीच. चारदा केलंस की तुझ्या १६ सुया भरल्या. मात्र एक होईल: लाटेच्या वरची टप्प्याची रेघ सरळ राहणार नाही, हेलकावे खाईल. मला तर ते चालेल. तुझं तू बघ.

आणि सर्वांत महत्त्वाचं. दर टप्प्याच्या शेवटी, साध्या सुईवर, सगळ्या टाक्यांतून शिवणाचा रंगीत दोरा दाभणाने ओवून ठेव. पुढे काही बिघडलं तर बिनधास्त सुई काढून त्या दोऱ्यापर्यंत उसवायचं, टाके तिथे तुझी वाट बघत असतात. जाळीत सुटलेला टाका पकडणं स्वेटरसारखं सोपं नाही, दोरा घेतलेल्या जागी खाली धरायला काही नसतंच.

जर्सीकर · १० नोव्हेंबर, सकाळी ७.४०

मी शिवणदोऱ्याऐवजी दात साफ करायचा फ्लॉस वापरते. गुळगुळीत, तुटत नाही. फक्त पुदिन्याचा वास येतो शालीला.

नागपुरी_संत्रं · १० नोव्हेंबर, रात्री ९.००

मस्त धागा! मलाही करायचीय, माझ्या भावासाठी. तो नागपूर–पुणे गाडीने बारा वर्षं ये-जा करतोय. सातशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. टप्पे किती होतात?

खडूस_आजोबा · १० नोव्हेंबर, रात्री ९.२०

सातशे भागिले सहा. एकशेसतरा. टप्प्याला दहा सेंटिमीटर म्हणजे पावणेबारा मीटर. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरचं असतं. भावाला विचारा, कासोटा घालता येतो का.

नागपुरी_संत्रं · १० नोव्हेंबर, रात्री ९.२४

😂😂 आजोबा!!

उलटसुलट · १० नोव्हेंबर, रात्री ९.५०

आजोबा, तुम्ही गुपचूप कॅलक्युलेटर घेऊन बसलाय हे कळलं.

संत्रं, लांब रस्त्याला पाच टप्प्यांचा एक पट्टा धर. चोवीस पट्टे होतील. आणि पट्टा २४ ऐवजी १८ सुयांचा ठेव, रेघेच्या ४, रस्त्याच्या १२, साध्या २. साडेसात सेंटिमीटर गुणिले चोवीस, १८० सेंटिमीटर. सपाटीची वीण बारा सुयांत बसते, घाटाची बसवायची तर दहाऐवजी आठ टाक्यांची करावी लागेल, पण तुझ्या वाटेवर नागमोडी किती लागणार!

एसटीच हवी असंही नाही. आकडा खरा हवा. त्या माणसाच्या आयुष्यातला, त्याला बघताक्षणी ओळखता येईल असा. नावाची आद्याक्षरं, बदाम वगैरे मला नको वाटतं, ते विणीवर वरून चिकटवल्यासारखं दिसतं.

मंदाकाकू · ११ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

आद्याक्षरांना नावं ठेवू नकोस हं, मी नातवाच्या स्वेटरवर घातली होती. :)

पण आकड्याचं पटलं. माझ्या सासूबाई परिचारिका होत्या, रात्रपाळीच्या. मी आठ-आठ सुयांचे तीन पट्टे करीन, सकाळ, दुपार, रात्र. रात्रीच्या पट्ट्याला भोकं जास्त, म्हणजे चांदण्या.

रंगारी · १३ नोव्हेंबर, दुपारी ४.४५

उशिरा आलो. खाकीसाठी कुणी घरी रंग करणार असेल तर: हिरड्याच्या पाण्यात लोकर पिवळसर बदामी होते, त्यात लोखंडाचं पाणी अगदी थोडं घातलं की खाकी-करड्याकडे झुकते. लोखंड जास्त झालं तर काळपट होते आणि लोकर कडक, ठिसूळ पडते. चमचा हात आखडूनच. लोकर गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नका, ढवळत बसू नका. नाहीतर शालीच्या जागी घट्ट आटलेला नमदा मिळेल.

उलटसुलट · ३० नोव्हेंबर, रात्री ११.३०

घाट चढून वर आले. सात टप्पे झाले.

पण काय झालं ते सांगते. सहाव्या टप्प्यात, म्हणजे घाटाच्या ऐन मध्यात, रात्री मालिका बघत विणत होते. एका ठिकाणी दोरा घ्यायचा राहिला. दोन सुया पुढे गेल्यावर कळलं, ८९ च्या जागी ८८. घाबरून तो एक टाका खाली सोडायला गेले, तर शेजारचे दोन सुटले, आणि बघता बघता हाताएवढं खिंडार. दोरा ओवलेला होता म्हणून वाचले! पाचव्या टप्प्यापर्यंत उसवलं. लोकरमावशी, तुम्हाला साष्टांग.

त्यानंतर दर दहा टाक्यांनी खुणेची कडी घालते. बाजारातल्या कड्या संपल्या तेव्हा आईच्या तुटलेल्या पोतीतल्या बारीक कड्या वापरल्या. आता चूक त्याच दहात सापडते, सगळी ओळ मोजावी लागत नाही.

आणि अण्णांना संशय आलाय. काल शेजारी येऊन बसले, थोडा वेळ बघत होते, मग म्हणाले, "एवढी भोकं? लोकर कमी पडली का?"

घाटवाट · १ डिसेंबर, सकाळी ९.१०

घाटात गाडी बंद पडणं हा या रस्त्याचा मूळ स्वभाव आहे. शाल अस्सल होतेय.

शिकाऊ_सुई · ६ डिसेंबर, रात्री ८.१५

मला फक्त सुलट-उलट येतं. सरळ शाल न करता त्रिकोणी केली तर सोपी ना? तीन-चार टाक्यांपासून सुरू होते म्हणे, धीर येतो.

लोकरमावशी · ७ डिसेंबर, सकाळी ६.५०

सुरुवातीला धीर येतो, शेवटी खचतो. मानेपासून खाली येणाऱ्या त्रिकोणात दर दोन सुयांना चार टाके वाढतात. नऊ टाक्यांनी सुरू केलंस तर दोनशे सुयांनंतर ४०९ टाके. शंभर सुया झाल्या की वाटतं अर्धं काम उरकलं. प्रत्यक्षात पाव झालेलं असतं आणि पाव लोकर संपलेली असते. शेवटच्या एका सुईला अर्धा तास लागतो. लोकर वजनकाट्यावर तोलत राहावं लागतं.

माणसाच्या आकड्यांसाठी गोल शालही गंमतीची. एलिझाबेथ झिमरमन या अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकर बाईंनी ती लोकप्रिय केली. नऊ टाके घालायचे, एक फेरी विणायची, टाके दुप्पट. मग ३ फेऱ्या, दुप्पट. ६ फेऱ्या, दुप्पट. १२, २४, ४८, असं. मधल्या कड्यांत एकही टाका वाढवायचा नसतो, म्हणून हवी ती वीण घालता येते. एखाद्या आजीचं बालपण तीन फेऱ्यांत, आणि नातवंडांची वर्षं अठ्ठेचाळीस फेऱ्यांत. पण पहिल्यांदा तू सरळ पट्टीच कर, मुली. सपाट रस्ता, चार टप्पे, प्रत्येक टप्पा चौपट लांब, मफलर होईल.

शिकाऊ_सुई · ७ डिसेंबर, सकाळी ९.००

चार टप्पे म्हणजे चोवीस किलोमीटर. आमच्या गावापासून आजोळ बरोब्बर तेवढंच! ठरलं.

रंगारी · ७ डिसेंबर, सकाळी ९.३०

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे. (दोनदा पडला होता.)

उलटसुलट · ४ जानेवारी, रात्री १०.४५

झाली! टाके बंद करून आज तीन दिवस झाले.

बंद करताना पहिल्यांदा नेहमीसारखे केले तर काठ आक्रसला, ताणताच येईना. उसवून ५ मिलिमीटरच्या सुईने सैल बंद केले. मग कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली, पिळली नाही, पंच्यात गुंडाळून त्यावर उभी राहिले. गादीवर जुनी चादर, त्यावर शाल, आणि चारी बाजूंनी ताणून टाचण्या. स्टीलच्याच घ्या, साध्या टाचण्यांचा गंज लोकरीला लागतो. कडेतून आधी जाड दोरा ओवून तो ताणून बांधला, त्यामुळे टाचण्या कमी लागल्या.

ओली शाल ताणली जाताना बघणं... सांगता येत नाही. दोन महिने हातात एक चुरगळलेला हिरवट चिंधा होता. एकेक भोक उघडत गेलं आणि घाट दिसायला लागला. आई दारात उभी राहून म्हणाली, "अगं, ही तर पोफळीची वळणं."

दोन बोटं कमी भरली, पण रुंदी बरोबर. खाकी १८५ ग्रॅम लागली. लाल अकरा ग्रॅम उरली आहे. फोटो उद्या चढवते. शाल उद्या सकाळी देणार.

मंदाकाकू · ४ जानेवारी, रात्री ११.००

शाब्बास गं पोरी! उन्हाळ्यात ठेवशील तेव्हा धुऊन, पूर्ण वाळवून ठेव. मळक्या लोकरीला कसर आधी लागते. मी सुती कापडात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालते आणि दर दोन महिन्यांनी उलगडून झटकते.

खडूस_आजोबा · ५ जानेवारी, सकाळी ६.१५

दिली का? काय म्हणाले?

नागपुरी_संत्रं · ५ जानेवारी, सकाळी ११.४०

आजोबा सकाळी सहापासून धाग्यावर बसून आहेत. :D

उलटसुलट · ५ जानेवारी, रात्री ९.३०

दिली.

अण्णांनी घडी उलगडली, बाहेर ओटीवर नेली, उन्हात धरली. काही बोलले नाहीत. मग चष्मा लावला आणि लाल काठापासून बोट ठेवत निघाले. सपाटीवर बोट भराभर गेलं. घाटापाशी हळू झालं, वळणावळणाने. कोयनेच्या हेलकावणाऱ्या रेघेवर थांबून म्हणाले, "इथे चहाला थांबायची गाडी." मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. मी आणि आई एकमेकींकडे बघत नव्हतो.

शेवटच्या लाल काठाला पोचले. परत मागे गेले. पुन्हा मोजलं. आणि मग, एकतीस वर्षं प्रवाशांना ज्या आवाजात "सुटे द्या" म्हटलं त्याच आवाजात:

"टप्पे सतरा. मग रेघा अठरा पाहिजेत. इथे सतराच आहेत. कराड कुठाय?"

बरोबर आहे. मी दर टप्प्याच्या सुरुवातीला रेघ घातली. शेवटचा टप्पा संपला आणि थेट काठ लावला. चिपळूण स्टँड आहे, कराड स्टँडच नाही. गाडी संगमापाशी जाऊन उभी आहे.

मी म्हटलं, अण्णा, कुणाला कळतंय? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हटलं, बरं, काठ उसवून घालते. शाल मात्र काढून देईनात. संध्याकाळपर्यंत अंगावरच होती, जेवायला बसले तेव्हा सोडवून घेतली. आता काठाच्या सहा सुया उसवून झाल्यात, खाकीचे टाके परत सुईवर आहेत, उद्या रेघ.

लोकरमावशी · ५ जानेवारी, रात्री ९.५०

आणि मी ते कोष्टक "छान" म्हणून परत दिलं होतं! तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. उसवलेली लाल लोकर ओली करून वाळव, मगच परत विण, नाहीतर काठ वेडावाकडा दिसेल.

खडूस_आजोबा · ५ जानेवारी, रात्री १०.०५

कुंपणाचे खांब नेहमी एक जास्त. शाळेत शिकवायचो मी हे. मलाही दिसलं नाही.

नागपुरी_संत्रं · ५ जानेवारी, रात्री १०.२०

एक मिनिट. म्हणजे माझ्या चोवीस पट्ट्यांना पंचवीस रेघा? मी काल रात्रीच टाके बंद केले.